कुत्र्याचे आजारपण आणि परका शरद ऋतू

पावसाळा सरत आला की वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि पाळीव प्राण्यांविषयीच्या पुस्तिकांतून एक ठरावीक मजकूर दरवर्षी उगवतो. मथळा साधारण ‘ऋतू बदलतो आहे, आपल्या कुत्र्याला सांभाळा’ असा असतो. खाली सूचना असतात: शरद ऋतूत पानगळीच्या ढिगाऱ्यांत कुत्र्याला लोळू देऊ नका, ओकची फळे व चेस्टनट त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, मोटारीतील पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य सांडलेले असेल तर ते चाटू देऊ नका, झाडीतून फिरवून आणल्यावर गोचिडी तपासा. या चारपैकी पहिल्या तीन सूचना माटुंग्यात निरर्थक आहेत. चौथी सूचना अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक घोटाळा करते.

असले लेखन हसून सोडून देण्याजोगे वाटेल. परंतु ते विज्ञानाच्या नावाखाली छापले जाते आणि शाळेत जाणारी मुले ते घरी मोठ्याने वाचून दाखवतात. शिवाय त्यात आजार आणि ऋतू यांचे जे नाते गृहीत धरलेले असते, तेच आपल्या पाठ्यपुस्तकांतही पुष्कळदा डोकावते. ‘पावसाळ्यात रोगराई पसरते’ हे वाक्य आपण सर्वांनी फळ्यावर लिहिलेले आहे. पावसाळा रोगराई कशी पसरवतो, हे मात्र त्याच तासाला सांगितले जातेच असे नाही. म्हणून या मजकुराची थोडी बारकाईने चिकित्सा करण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम मूळ प्रकरण पाहू. झाडीतल्या फेरफटक्यानंतर कुत्री आजारी पडण्याचे ज्यावर सर्वाधिक लिहिले गेले ते उदाहरण इंग्लंडमधले आहे. २००९ च्या सुमारास नॉटिंगहॅमशायर आणि नॉरफोक भागांतील काही वनांत फिरून आलेली कुत्री एक ते तीन दिवसांत एकाएकी आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, थरथर, मलूलपणा ही लक्षणे होती. काही कुत्री दगावली. शेरवुड, क्लंबर पार्क, थेटफोर्ड, सँडरिंगहॅम, रेंडलशॅम ही ठिकाणांची नावे पुन्हा पुन्हा येत होती, आणि महिने ऑगस्ट ते नोव्हेंबर. न्यूमार्केट येथील ‘ॲनिमल हेल्थ ट्रस्ट’ या संस्थेने चौकशी हाती घेतली आणि या आजाराला ‘सीझनल कॅनाइन इलनेस’ असे नाव दिले.

हे नाव आम्हाला फार आवडते. त्यात काय आहे? ‘ऋतूत येणारा, कुत्र्यांचा, आजार.’ एवढेच. कारणाचा उच्चार नाही, कारण कारण ठाऊक नव्हते. आपल्याकडे ‘हवा बाधली’ असे म्हटले की रोगाचे निदान झाल्याचे समाधान मिळते. या संशोधकांनी तो मोह टाळला. चौकशीची रीतही शिकण्यासारखी होती. ज्यांची कुत्री आजारी पडली त्यांच्याकडूनच माहिती मागवली असती तर पत्रांचा ढीग जमला असता, निष्कर्ष मात्र काहीच निघाला नसता. संस्थेने त्या पाच वनांत कुत्रे फिरवणाऱ्या सर्वांनाच प्रश्नावली भरण्यास सांगितले, कुत्रे आजारी पडो वा न पडो. निरोगी कुत्र्यांची नोंद नसेल तर आजारी कुत्र्यांच्या नोंदीला अर्थ येत नाही, हा संख्याशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. शाळेतल्या प्रकल्पांत तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

संशय अनेकांवर होता: साप, विषारी शेवाळ, शेतातली रसायने. नंतर काही आजारी कुत्र्यांच्या अंगावर नारिंगी रंगाचे बारीक किडे आढळले. हे ‘हार्वेस्ट माइट’चे डिंभ. शास्त्रीय नाव निओट्रॉम्बिक्युला ऑटम्नॅलिस, म्हणजे नावातच शरद ऋतू. माइट हे कोळी आणि गोचीड यांच्या कुळातले. प्रौढ माइटला आठ पाय असतात, डिंभाला सहाच. (मुलांना पाय मोजायला लावले की कीटक आणि अष्टपाद यांतला फरक त्यांच्या कायम लक्षात राहतो, पण इथे डिंभ आपल्याला चकवतो, हेही सांगावे.) प्रौढ माइट कुणाला चावत नाही. डिंभ मात्र सस्तन प्राण्यांच्या कातडीवर चिकटतो आणि कातडीचा अंश विरघळवून शोषतो. या माइटवर औषध फवारण्याचा सल्ला देण्यात आला. परंतु माइटमुळेच आजार होतो हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, आणि २०२० मध्ये ती संस्थाच बंद पडली. प्रश्न उघडा राहिला.

आता आमचा आक्षेप. हे प्रकरण इंग्रजी पुस्तिकांतून आपल्याकडे येताना त्यातले ‘कारण ठाऊक नाही’ हे सर्वांत मोलाचे वाक्य गळून पडते, आणि ‘शरद ऋतूत झाडीत कुत्र्याला नेऊ नये’ एवढे टरफल हाती उरते. त्यातही ‘ऑटम’चे भाषांतर ‘शरद’ असे करून लेखक मोकळे होतात. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरीचे चांदणे. त्यात पाने गळत नाहीत. माटुंग्याच्या पाच उद्यानांत ऑक्टोबरमध्ये फेरी मारून पाहावी: पर्जन्यवृक्ष गच्च हिरवा असतो, गवत गुडघ्याशी आलेले असते. इथल्या पिंपळाची आणि पारशी कॉलनीतल्या महोगनीची पाने झडतात ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे शिशिर सरताना. इंग्लंडमधला ऑटम थंडीच्या वाटेवरचा असतो. आमचा ऑक्टोबर पावसाच्या गारव्यातून उन्हाच्या तडाख्यात जातो. ऋतूचे नाव जुळले म्हणून ऋतू जुळत नाही.

पाच उद्यानांचे नाव निघाले आहे तर एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ही उद्यानेच मुळी आजाराच्या कारणाविषयीच्या एका वादातून जन्माला आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, कोंदट हवा आणि घाण हेच रोगाचे मूळ, असे तेव्हाच्या बहुतेक अधिकाऱ्यांचे मत होते. त्या मतातून १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला, आणि त्याच्या आराखड्यातून दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, मोकळ्या जागा आणि बागा आखल्या गेल्या. योगायोग असा की त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर उंदरावरची पिसू प्लेग वाहून नेते असे दाखवत होता. त्याच्यावर तेव्हा फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने ते पक्के झाले. हवा खेळती झाली हे चांगलेच झाले. बागा मिळाल्या हे त्याहून चांगले. पण रोग हवेत नव्हता. तो उंदरात होता आणि पिसवेच्या पोटात होता.

सव्वाशे वर्षांनी याच बागांत कुत्र्यांना फिरवताना प्रश्न पुन्हा उंदरापाशीच येऊन थांबतो. माटुंग्यातल्या कुत्र्याला पावसाळ्याच्या उत्तरार्धात ज्याचे खरे भय आहे तो आजार लेप्टोस्पायरोसिस.

लेप्टोस्पायरा हा बारीक मळसूत्रासारखा जिवाणू. त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. १९०७ मध्ये स्टिम्सन यांना तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रश्नचिन्हासारखा दिसला म्हणून त्यांनी त्याला ‘इंटरोगन्स’, म्हणजे ‘प्रश्न विचारणारा’, असे नाव दिले. माणसातील रोगाचे वर्णन जर्मनीत ॲडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्येच केले होते (त्याच वर्षी परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले). जिवाणू त्याला कारण आहे हे जपानी संशोधक इनादा आणि इदो यांनी १९१५ च्या सुमारास दाखवले. हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत सुखाने राहतो. उंदीर आजारी पडत नाही, पण जन्मभर मूत्रावाटे जिवाणू टाकत राहतो. गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत जिवाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. वाळवले, कडक उन्हात ठेवले, क्लोरीन घातले की तो मरतो. त्याला दुसऱ्या शरीरात शिरायला कातडीवरचा ओरखडा किंवा तोंड, नाक, डोळे यांचे नाजूक अस्तर पुरते.

आता पावसाळा इथे नेमके काय करतो ते पाहता येईल. उंदीर आणि घुशी बारा महिने आहेत, त्यांच्या मूत्रपिंडातले जिवाणूही बारा महिने आहेत. मे महिन्यात ते मूत्र तापलेल्या फरशीवर पडते आणि वाळते. जुलैत तेच बिळांत शिरलेल्या पाण्यात मिसळून रस्त्यावर येते. किंग्ज सर्कलचा गांधी मार्केट परिसर पाणी साचण्यासाठी सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. तिथून जाणारे कुत्रे पाय भिजवते, मग ते पाय चाटते, डबक्यातले पाणी पिते. म्हणजे ऋतूने रोग निर्माण केला नाही. ऋतूने दोन प्राण्यांमधली वाट ओली ठेवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ आली, ती याच वाटेने.

‘आठवड्यांत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधली कुत्री फिरून आल्यावर एक ते तीन दिवसांत आजारी पडत. त्यामुळे मालकाला त्या फेरफटक्याची आठवण ताजी होती आणि वनावर बोट ठेवता आले. लेप्टोमध्ये लागण आणि लक्षणे यांत कुत्र्याच्या बाबतीत साधारण आठवडा जातो, माणसात पाच ते चौदा दिवस, क्वचित अधिक. तोवर पाणी ओसरलेले असते, आकाश निरभ्र झालेले असते. कुत्रे जेवत नाही, उलट्या करते, अंग दुखते म्हणून हात लावू देत नाही, कधी डोळे पिवळे पडतात, लघवी कमी होते किंवा एकदम वाढते. मालक म्हणतो, ‘ऑक्टोबरची उष्णता बाधली.’ डबके कुणालाच आठवत नाही. अशा वेळी पशुवैद्याने ‘गेल्या पंधरा दिवसांत कुत्रे कुठे कुठे गेले?’ असे विचारले तर ती निव्वळ चौकशी नव्हे, तो निदानाचाच भाग असतो. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र या काळात कुत्र्याला मुळीच देऊ नये. माणसाला चालणारी ही औषधे कुत्र्याच्या यकृताला, आतड्याला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि इथे मूत्रपिंड आधीच संकटात असते.

लेप्टोविषयी सार्वजनिक सूचनांतून छापले जाते त्या एका वाक्याबद्दल आमची मोठी तक्रार आहे: ‘उंदीर, कुत्री, गुरे इत्यादी प्राण्यांच्या मूत्रातून हा रोग पसरतो.’ वाक्य खोटे नाही. कुत्र्याला लागण होते, आणि बरे झालेले कुत्रेही योग्य प्रतिजैविक मिळाले नाही तर काही आठवडे, कधी महिने जिवाणू टाकत राहते. जिवाणूचा कॅनिकोला नावाचा एक उपप्रकार तर कुत्र्यांतच मुरलेला आहे. तरीही स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेल्या या यादीत सगळे प्राणी सारखेच अपराधी ठरतात. बिळात राहणारी, प्रचंड संख्येने वाढणारी, स्वतः आजारी न पडता जन्मभर जिवाणू टाकणारी जात एकच आहे. शहरातले कुत्रे बहुतेक वेळा आपल्यासारखेच या वाटेवर सापडलेले असते. हा फरक न सांगितल्याचा परिणाम दर पावसाळ्यात दिसतो. सोसायटीच्या सूचनाफलकावर कुत्र्यांविरुद्ध कागद लागतो, फाटकाशी बसणाऱ्या भटक्या कुत्र्याला हुसकावले जाते, आणि कचऱ्याचा डबा, ज्यावर घुशी पोसतात, तो तसाच उघडा राहतो.

लसीबद्दलही अर्धवटच सांगितले जाते. कुत्र्यांना देतात त्या संयुक्त लसीत लेप्टोचा भाग बहुधा असतो, आणि मालक ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्या आहेत’ म्हणून निश्चिंत होतो. दोन गोष्टी त्याला कुणी सांगत नाही. पहिली, लेप्टोचे रोगकारक उपप्रकार अडीचशेहून अधिक आहेत आणि लस त्यांतल्या दोन-चारांवरच असते; एका उपप्रकारावरचे संरक्षण दुसऱ्या गटावर फारसे चालत नाही. दुसरी, लसीतला डिस्टेंपरविरोधी भाग काही वर्षे पुरत असला तरी मृत जिवाणूंपासून केलेला लेप्टोचा भाग सुमारे वर्षभरच पुरतो. वर्षातून एकदाच टोचायचे तर ते कधी टोचायचे? पावसाआधी. ज्या कुत्र्याला प्रथमच ही लस द्यायची आहे त्याला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून तयारी एप्रिल-मेमध्ये व्हायला हवी. सप्टेंबरच्या पुरवणीत ‘लसीकरण करून घ्या’ छापणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री विकणे.

आता त्या अर्ध्या खऱ्या सूचनेकडे येऊ: झाडीतून आल्यावर गोचिडी तपासा. तपासाव्यातच. पण मुंबईच्या कुत्र्यावर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, ही मुळात रानातली नव्हे. ती घरातली, जिन्यातली, कुत्र्याच्या अंथरुणातली गोचीड आहे. डिंभ, अर्भक आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत ती बहुधा कुत्र्याचेच रक्त पिते, आणि प्रत्येक वेळी खाली पडून भिंतीच्या फटीत, चौकटीमागे जाऊन कात टाकते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीवर वर चढत जाते आणि एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. कुत्रे पाच उद्यानांकडे फिरकले नाही तरी घरातल्या गोचिडी कमी होणार नाहीत. दोष बागेला आणि वस्ती आपल्या भिंतीत, असा हा प्रकार.

या गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री याच रोगाने दगावली तेव्हा त्याकडे जगाचे लक्ष गेले. तापाचा पहिला टप्पा लागणीनंतर एक ते तीन आठवड्यांत येतो, पुष्कळदा आपोआप ओसरतो, आणि मग काही कुत्र्यांत महिनोन्‌महिने दबा धरून राहिल्यावर रोग रक्तस्राव आणि पांडुरोगाच्या रूपात उलटतो. पावसानंतरच्या उबदार दिवसांत चावलेल्या गोचिडीचे बिल असे मार्चमध्ये येऊ शकते. दवाखान्यातल्या नोंदवहीत तो ‘उन्हाळ्यातला आजार’ म्हणून लिहिला जाईल.

गोचीड काढण्याबद्दल दोन शब्द. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे हे प्रकार अजून चालतात. रॉकेल कुत्र्याच्या कातडीला आणि चाटले तर पोटालाही अपायकारक आहे. बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, चिरडू नये, हात धुवावेत. पाहायच्या जागा म्हणजे कान, मान आणि पायांच्या बोटांमधल्या खाचा. एर्लिकिया गोचीड चिकटल्यावर काही तासांतच शरीरात उतरू शकतो, म्हणून केवळ वेचण्यावर भागत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने गोचीडनाशक आणि अंथरूण-भिंतींची सफाई दोन्ही लागतात.

खऱ्या रानाचे हिशेब पुन्हा वेगळे. चावणाऱ्या माइटच्या डिंभांमुळे होणारा स्क्रब टायफस २०१८ मध्ये विदर्भात ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये माणसांत पसरला; हे डिंभ त्या इंग्लिश माइटचे चुलत भाऊबंद. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आढळला. तो मूळ १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर वनात प्रथम ओळखला गेला. त्याचा काळ मात्र पावसाळा संपल्यानंतरचा कोरडा, साधारण नोव्हेंबर ते मे, कारण त्याची वाहक रानगोचीड तेव्हा अर्भकावस्थेत असते आणि चावते. दोन्ही रोग रानात फिरण्याशी निगडित, दोन्ही अष्टपादांमार्फत येणारे, आणि ऋतू उलटसुलट. ज्याला ‘रोगाचा ऋतू’ म्हणतात तो वाहकाच्या एका अवस्थेचा ऋतू असतो.

शिवाय रान आणि कुत्रे यांच्या गणितात रानाचीही बाजू आहे, ती या पुस्तिकांत औषधालाही सापडत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रे नेता येत नाही. अनेक कुत्रामालकांना हा जाच वाटतो, बिबट्याच्या भीतीपोटी केलेला नियम वाटतो. गीरमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह मेले. त्यांपैकी काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. गावकुत्री हा त्या विषाणूचा एक संभाव्य मार्ग मानला गेला. ज्या लसीकडे आपण केवळ आपल्या कुत्र्याचे कवच म्हणून पाहतो, ती रानाच्या कडेवरच्या प्रत्येक वस्तीत रानाचेही कवच ठरते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. ज्या मुलांच्या घरी किंवा इमारतीत कुत्रे आहे त्यांनी जून ते मार्च एक तक्ता ठेवावा. त्यात रोजचा पाऊस, कुत्रे डबक्यातून गेले की नाही, सापडलेल्या गोचिडींची संख्या आणि आजाराची तारीख अशी सदरे असावीत. निरोगी कुत्र्यांचे तक्तेही तितक्याच काळजीने भरावेत. त्यांना मुले कंटाळतील, शिक्षकांनी कंटाळू देऊ नये. गोचिडी मोठ्या माणसानेच काढाव्यात आणि मुलांनी मोजाव्यात. साचलेल्या पाण्याचे नमुने घेण्याचा उत्साह कुणी दाखवला तर तो तत्काळ थांबवावा. तुंबलेल्या पाण्यातून चालत यावे लागलेल्या मुलांच्या पालकांना तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारण्यास सांगावे, कारण प्रतिबंधक औषधाचा उपयोग त्याच मुदतीत सांगितलेला आहे. आणि कुत्र्याला लेप्टो झाल्याचे निदान झाले असेल तर त्याचे मूत्र साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि घरात कुणाला ताप आल्यास डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराविषयी आठवणीने सांगावे. डॉक्टर ते बहुधा आपणहून विचारत नाहीत.

तक्ता भरून झाला की मुलांनी आजाराच्या प्रत्येक तारखेपासून मागे मोजत जावे: तीन दिवस, दहा दिवस, तीन आठवडे. त्या त्या दिवशी पावसाच्या आणि गोचिडींच्या सदरात काय लिहिले आहे ते पाहावे, आणि मग पुरवणीतला तो मजकूर पुन्हा एकदा वर्गात वाचून दाखवावा.